उलाळ गाडी : टॉय हॉलरच्या फेरमांडणीच्या नोंदी

३ ऑगस्ट २०२४, शनिवार

गेल्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातील इंपीरियल सँड ड्यून्स या वाळूच्या टेकड्यांहून फिनिक्सजवळच्या चँडलरला, घरी परतत असताना, युमा मागे टाकल्यावर आंतरराज्य महामार्ग ८ वर एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या झोताने आमचा ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागला. पाच-सहा हेलकावे बसून तो सावरला, परंतु पुढच्या पेट्रोल पंपावर उतरलो तेव्हा पत्नी कितीतरी वेळ काही बोलली नाही. पुढचा हंगाम १ ऑक्टोबरला सुरू होतो. त्याआधी या ट्रेलरमधील सामानाची मांडणी मुळापासून तपासायची, असे आम्ही त्याच संध्याकाळी ठरवले. त्या कामाची ही पहिली नोंद.

टॉय हॉलर म्हणजे पुढच्या भागात राहण्याची सोय आणि मागच्या भागात वाळूत चालवायच्या गाड्यांसाठी गॅरेज असलेला ट्रेलर. त्याची मागची अख्खी भिंत रॅम्प होऊन जमिनीवर उतरते. आमचा ट्रेलर २०१६ सालचा, २८ फुटी आणि वापरलेला घेतलेला आहे. पुढे पलंग, न्हाणीघर आणि ओटा, मागे गॅरेज, आणि दोहोंच्या मध्ये भिंत नाही. गॅरेजच्या छताला टेकवून ठेवलेले दोन पलंग विजेच्या मोटरवर खाली येतात, त्यामुळे प्रवासात ज्या जागी गाडी उभी असते त्याच जागी रात्री आमची अकरा वर्षांची मुलगी झोपते. गॅरेजमध्ये दोन वाहने जातात: सुमारे १,४५० पौंडांची दोन आसनी साइड-बाय-साइड (शेजारी-शेजारी बसून वाळूत चालवायची चारचाकी) आणि मुलीची १७० पौंडांची छोटी डर्ट बाइक.

आज सामान एप्रिलमध्ये होते तसेच ठेवून, पाण्याची टाकी काठोकाठ भरून, दोन्ही वाहने चढवून आम्ही पहाटे पाचला ट्रक-स्टॉपवरील कॅट कंपनीच्या वजनकाट्यावर गेलो. या काट्याचे तीन वेगवेगळे पाट असतात, त्यामुळे ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपचा पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलरचे आस यांचे वजन स्वतंत्रपणे छापून मिळते. हिचचे, म्हणजे ट्रेलर पिकअपला जोडणाऱ्या सांध्याचे, भार वाटून घेणारे दांडे सैल करून पहिली पावती घेतली, नंतर ट्रेलर बाजूला उभा करून एकट्या पिकअपची दुसरी. एकटी पिकअप ७,४८० पौंड, ट्रेलर जोडल्यावर तिच्याच दोन आसांवर ८,३६० पौंड. म्हणजे ट्रेलरचा हिचवर पडणारा भार ८८० पौंड. ट्रेलरच्या आसांवर ९,८६० पौंड. एकूण ट्रेलर १०,७४० पौंड, म्हणजे सुमारे ४,८७० किलो.

ट्रेलरच्या दाराजवळील पत्रिकेवर कमाल वजन ११,५०० पौंड आणि दोन आसांची मिळून मर्यादा १०,४०० पौंड लिहिलेली आहे. आम्ही दोन्ही मर्यादांच्या आत होतो, आणि तरीही ट्रेलर झुलला. याचे उत्तर तिसऱ्या आकड्यात आहे. अशा ट्रेलरच्या एकूण वजनापैकी १० ते १५ टक्के भार हिचवर यावा लागतो. आमचा जेमतेम ८.२ टक्के होता.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

बाबा जुलैपासून आमच्याकडे आले आहेत. सांगली जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांनी तीस वर्षे काम केले आणि त्या काळात वजनकाट्यावर रांगेने उभ्या असलेल्या उसाच्या बैलगाड्या रोज पाहिल्या. मी दोन्ही पावत्या त्यांच्यापुढे ठेवून टक्केवारी समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी मध्येच थांबवले आणि म्हणाले, “अरे, हिशेब राहू दे. तुझी गाडी उलाळ भरली आहे.” बैलगाडीत ओझे चाकाच्या मागे जास्त झाले की जू वर उचलले जाते, बैलांच्या मानेवर भार राहत नाही आणि गाडी त्यांच्या ताब्यात राहत नाही, त्याला उलाळ म्हणतात. हिचवरील भार म्हणजे जुवावरील भारच आहे. हा शब्द मी लहानपणी ऐकलेला होता, पण या ट्रेलरशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

आज ट्रेलर पूर्ण रिकामा केला. प्रत्येक वस्तू बाहेर काढताना प्रवासी बॅगा मोजण्याच्या ताणकाट्याला अडकवून तिचे वजन वहीत लिहिले. गाड्या, पाणी आणि टाकीतील पेट्रोल सोडून सामान ७६३ पौंड भरले. हे वजन कुठे होते ते पाहिल्यावर बाबांचे म्हणणे शब्दशः पटले. १४० पौंडांची हत्यारे, जॅक आणि साखळ्या अगदी मागे, रॅम्पच्या कडेच्या कपाटात होत्या, कारण गाडी दुरुस्त करताना त्या तिथे सोयीच्या पडत. पाण्याची १०० गॅलनची टाकी, जी भरल्यावर ८३४ पौंड होते, ती मुळातच आसांच्या मागे बसवलेली आहे. आणि गॅरेजच्या पुढच्या भागात, जिथे जड वस्तू असायला हवी, तिथे झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यांची उतरंड होती. तंबू, चादरी, मुलीचे खेळ असे हलके सामान त्या डब्यांत होते आणि त्यांच्यामुळे साइड-बाय-साइड दोन फूट मागे उभी करावी लागत होती.

त्या उतरंडीच्या मागे दोन गोष्टी सापडल्या, ज्या वजनाहूनही गंभीर आहेत. भिंतीच्या तळाशी बसवलेला प्रोपेन वायूचा इशारा देणारा यंत्राचा डबा आमच्या खोक्यांनी पूर्ण झाकला होता. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो, म्हणूनच ते यंत्र खाली बसवतात, आणि नेमकी तीच जागा आम्हाला डबे ठेवायला मोकळी दिसली होती. त्याच्या शेजारची, ट्रेलर उबदार ठेवणाऱ्या फर्नेसमध्ये हवा परत ओढून घेणारी जाळीही निम्मी बंद होती. मुलगी त्याच खोलीत झोपत होती. भिंतीवर या दोन्ही जागांभोवती मी आज लाल पट्टी चिकटवली असून तिच्यासमोर यापुढे काहीही ठेवले जाणार नाही.

दोन तवे, तीन कंदील, चार टायर-प्रेशर गेज, दोन पहारी आणि पेट्रोलचे पाच गॅलनचे तीन कॅन निघाले. ट्रेलरला स्वतःची ३० गॅलनची पेट्रोलची टाकी आणि पंप असताना हे कॅन आम्ही झोपण्याच्या खोलीत का वाहत होतो, याचे उत्तर आम्हा दोघांपैकी कोणाकडेच नव्हते. पेट्रोलची वाफसुद्धा जमिनीलगत पसरते आणि त्याच ट्रेलरमध्ये फ्रिजची व पाणी तापवण्याच्या बंबाची ज्योत असते. कॅन कायमचे बाहेर. दुहेरी वस्तूंसह एकूण २१० पौंड कमी झाले.

ब्रेक क्लीनर, डासांचा फवारा आणि वंगणाचे दाबाने भरलेले डबेही घरात आणले. त्यांच्यावर १२० अंश फॅरनहाइटच्या वर ठेवू नये असे छापलेले असते आणि फिनिक्सच्या उन्हाळ्यात बंद ट्रेलरमध्ये दुपारी तापमान त्याच्या वर जाते.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

आज काहीही ठोकले नाही किंवा कापले नाही. फक्त खडू आणि निळी चिकटपट्टी घेऊन तासन्‌तास जमिनीवर खुणा केल्या. माझ्या मते या संपूर्ण कामाचा निर्णय आजच्या खुणांमध्ये आहे, म्हणून तो सविस्तर लिहून ठेवतो.

घरातील वस्तूला एक जागा असते. टॉय हॉलरमधील वस्तूला दोन जागा लागतात, एक प्रवासातली आणि एक मुक्कामातली, कारण गॅरेज ही प्रवासात गाडीची जागा आणि मुक्कामात माणसांची खोली असते. आतापर्यंत आम्ही फक्त मुक्कामातल्या जागेचा विचार करत होतो आणि प्रवासात ती वस्तू गाडीच्या टपावर, सीटवर, पलंगावर, मिळेल तिथे कोंबत होतो. परिणामी मुक्कामी पोहोचल्यावर गाडी खाली उतरवण्यासाठी आधी दीड तास सामान बाहेर वाळूत काढावे लागे, आणि वाळूत ठेवलेली वस्तू वाळू घेऊनच आत येते.

म्हणून नियम असा केला की वहीतील प्रत्येक वस्तूपुढे दोन्ही जागा लिहायच्या आणि ज्या वस्तूची दुसरी जागा सुचत नाही ती बरोबर न्यायची नाही. जड वस्तू आसांच्या पुढे आणि खाली. हलक्या वस्तू भिंतीवर किंवा वर. गॅरेजच्या जमिनीवर गाडीखेरीज काहीही नाही. पत्नीने त्यात एक अट घातली की पोहोचल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत लागणाऱ्या वस्तू, म्हणजे चाकांच्या अडण्या, पातळी पाहण्याच्या पाट्या, हातमोजे, पाण्याची बाटली आणि चहाचे सामान, कोणतीही दुसरी वस्तू न हलवता हाती आल्या पाहिजेत. ही अट मला सर्वांत उपयोगी वाटते.

२४ ऑगस्ट २०२४, शनिवार

भिंतींचे काम. आधीच्या मालकाने गॅरेजच्या डाव्या भिंतीवर लावलेली फळी गेल्या वर्षी रस्त्यातच उखडून पडली होती. आज तिची भोके नीट पाहिली तेव्हा कारण कळले. या ट्रेलरची भिंत म्हणजे आतून वहीच्या पुठ्ठ्याएवढा पातळ प्लायवुड, मध्ये फोम, बाहेरून फायबरग्लासचा पत्रा आणि फोममध्ये ठरावीक अंतरावर ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या, इतकेच असते. नळी सोडून कुठेही मारलेला स्क्रू फक्त पातळ प्लायवुडला धरून राहतो आणि खडबडीत रस्त्याच्या धक्क्यांनी तो हळूहळू भोक रुंद करत बाहेर येतो.

नळ्या शोधणे हे वाटले त्याहून अवघड निघाले. चुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही, आणि भिंतीत फोम असल्याने बोटाने वाजवून आवाजातील फरक मला तरी ओळखू येत नव्हता. शेवटी उन्हाचाच उपयोग झाला. दुपारी चार वाजता पश्चिमेकडील भिंत बाहेरून तापलेली असताना आत एसी चालू ठेवला आणि स्वयंपाकात तव्याचे तापमान पाहण्यासाठी घेतलेले इन्फ्रारेड थर्मामीटर भिंतीवरून आडवे, अगदी सावकाश फिरवले. फोमवर आकडा ९१, ९१, ९२ असा सरकत होता आणि मग एका बोटाच्या अंतरात एकदम ९८ झाला, पुन्हा ९२ वर आला. ॲल्युमिनियम उष्णता आत आणते, फोम आणत नाही. जिथे आकडा चढला तिथे पेन्सिलीने टिंब केले, वरपासून खालपर्यंत अशी टिंबे जोडली, आणि भिंतीच्या आतला सांगाडा बाहेर रेषांनी उमटला. खात्रीसाठी तीन ठिकाणी बारीक भोके पाडून पाहिली. तिन्ही ठिकाणी ड्रिलच्या टोकाला चकचकीत ॲल्युमिनियमचा कीस आला. दुसऱ्या भिंतीला असे थेट ऊन मिळावे म्हणून ट्रेलर उलट्या दिशेने उभा करावा लागेल. ते काम उद्या.

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

दोन्ही भिंतींवर एल-ट्रॅक बसवले. विमानात सीट धरून ठेवण्यासाठी जमिनीत जशी गोल खाचांची ॲल्युमिनियमची पट्टी असते, तशीच ही पट्टी. तिच्या कोणत्याही खाचेत कडी अडकवता आणि काढता येते. प्रत्येक नळीत आधी रिव्हेट-नट घातले आणि त्यांत बोल्ट आवळले, कारण पातळ ॲल्युमिनियमात नुसत्या स्क्रूचे आटे फार काळ टिकत नाहीत. डाव्या भिंतीवर दोन ओळी, उजव्या भिंतीवर एकच, कारण उजवीकडे आपत्कालीन खिडकी आहे आणि तिच्या चौकटीसमोर काहीही लोंबू नये असे मी ठरवले आहे. लेबर डेची सुट्टी असल्याने काम एका दमात झाले.

७ सप्टेंबर २०२४, शनिवार

आज गणपती बसले. काम बंद.

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

फिनिक्समध्ये २७ मेपासून रोज १०० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर जाणारा पारा अखेर या आठवड्यात खाली आला; ती मालिका १६ सप्टेंबरपर्यंत सलग ११३ दिवस चालली. दुपारी ट्रेलरमध्ये उभे राहता येते ही या कामासाठी मोठीच गोष्ट आहे.

साइड-बाय-साइड दोन फूट पुढे न्यायची तर तिला बांधण्याच्या जमिनीतील कड्याही पुढे हव्यात. पट्टा साधारण ४५ अंशांत उतरला तर तो गाडीला खालीही ओढतो आणि पुढे-मागे सरकूही देत नाही. गाडी पुढे नेल्यावर पुढच्या दोन कड्या थेट तिच्या चाकांखाली येत होत्या. जमिनीखाली टाक्या, वायूची नळी आणि तारा असल्याने स्वतः भोक पाडण्याचे धाडस मी केले नाही आणि हे काम एका वेल्डिंगच्या दुकानाला दिले. गेल्या सोमवारी ट्रेलर परत आला. दोन्ही कड्या वरून देखण्या दिसत होत्या. आज खालचे प्लास्टिकचे आवरण थोडे सोडवून विजेरीने पाहिले, तर डावी कडी चासीच्या आडव्या पोलादी पट्टीत आवळलेली होती आणि उजवी केवळ प्लायवुडच्या जमिनीत, खाली एक वॉशर लावून. कडीवर ५,००० पौंड कोरलेले आहे, पण ती क्षमता कडीची आहे, ती ज्यात रोवली आहे त्या प्लायवुडची नाही. जोरात ब्रेक लागला असता तर १,४५० पौंडांची गाडी ती कडी जमिनीसकट उपसून स्वयंपाकघरात आली असती. दुकानवाल्यांनी चूक मान्य करून उद्याच पोलादी पट्टी जोडून देण्याचे कबूल केले आहे. मी या वेळी काम चालू असताना तिथेच थांबणार आहे. ज्यांच्या ट्रेलरमध्ये नंतर कड्या बसवल्या आहेत त्यांनी एकदा तरी खाली झोपून त्या पाहाव्यात, ही माझी कळकळीची विनंती.

पट्टेही बदलले. जुन्या पट्ट्यांवर ३,००० पौंड ठळक छापलेले होते, पण तो पट्टा तुटण्याचा भार होता. कामाचा भार त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे १,००० पौंड, आणि तो बारीक अक्षरांत होता. नवे पट्टे घेताना बारीक अक्षरे आधी वाचली. ते चारही चाकांवरून जातात, त्यामुळे वाटेत गाडीचे सस्पेन्शन खाली-वर झाले तरी पट्टे सैल पडत नाहीत.

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार

हेल्मेट, गुडघ्यांची कवचे, बूट, गॉगल आणि हातमोजे यांचे काय करायचे हा प्रश्न गेले दोन महिने अनुत्तरित होता. डब्यात बंद केले तर घामाने वास येतो, उघडे ठेवले तर गडगडतात, आणि कुठेही ठेवले तरी त्यांच्यातील वाळू झडून पलंगापर्यंत पोहोचते. बाबांनी दोन दिवस या भिंतींकडे पाहून शेवटी विचारले, “इथे शिंकी का टांगत नाहीस?” आजीच्या स्वयंपाकघरात आढ्याला दह्याचे मडके धरून असलेले शिंके मला आठवत होते, पण भिंतीवरच्या कड्या लावताना ते सुचले नव्हते.

मासेमारीच्या जाळ्याचा जाड नायलॉन मिळाला. बाबांनी त्याची चार शिंकी विणून दिली. वरचे तोंड लवचिक दोरीचे, खालचा तळ विरळ विणीचा, म्हणजे वाळू आपोआप गळून पडावी. प्रत्येकाला वर एक आणि खाली एक अशा दोन कड्या दिल्या असून दोन्ही एल-ट्रॅकमध्ये अडकतात, त्यामुळे प्रवासात शिंके भिंतीला धरून राहते, झोके घेत नाही. मुक्कामी पोहोचल्यावर तीच शिंकी उचलून उघड्या रॅम्पच्या वरच्या आडव्या गजावर टांगायची आणि वाळू बाहेरच झाडायची. अशा प्रकारे त्यांच्या दोन्ही जागा ठरल्या. एका शिंक्यात एकाच माणसाची सगळी कवचे जातात. मुलीला स्वतःचे शिंके सर्वांत जास्त आवडले आहे.

झेंड्यांच्या काठ्यांनी मात्र छळले. त्या टेकड्यांवर प्रत्येक वाहनाला जमिनीपासून किमान ८ फूट उंच झेंडा लावावा लागतो, जेणेकरून टेकडीच्या पलीकडून चढणाऱ्याला तो आधी दिसावा. छत दोन पलंगांनी व्यापलेले आहे, परंतु पलंगाची कड आणि उजवी भिंत यांच्यात चार इंचांची फट राहते. त्या फटीत तीन इंची पीव्हीसी पाइप आडवा बसवला, त्याच्या मागच्या टोकाला फिरकीचे झाकण लावले आणि दोन झेंडे, फावड्याचा दांडा व चांदणीचे खांब त्यात सरकवले. पलंग खाली येताना पाइपला घासत नाही ना, हे मोटर सावकाश चालवून चार वेळा पाहिले.

ओट्याची मांडणी पत्नीने केली. लोखंडी तवा, कुकर आणि पोळपाट सर्वांत खालच्या खणात, पुढच्या बाजूला. वरच्या कपाटात फक्त पोहे, रवा, चहा, बिस्किटे. मिसळणाच्या डब्याचे झाकण एप्रिलमध्ये निसटून हळद फ्रिजच्या मागेपर्यंत गेली होती आणि ती अजून तिथे पिवळी दिसते. आता प्रत्येक मसाला फिरकीच्या झाकणाच्या लहान बाटलीत आहे आणि सगळ्या बाटल्या एका खाचा पाडलेल्या लाकडी फळीत घट्ट बसतात. खण उघडू नयेत म्हणून बोटाने दाबल्याशिवाय न सुटणाऱ्या कड्या लावल्या. चुंबकाची जुनी कडी इतक्या वजनाच्या खणाला पुरत नाही.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

हत्यारे, जॅक आणि साखळ्या ट्रेलरच्या अगदी पुढच्या, आरपार उघडणाऱ्या कप्प्यात हलवल्या. बाबांनी कारखान्यातील स्टोअरप्रमाणे त्यांना तीन पेट्यांत वाटले: नेहमी लागणारी, कधी लागणारी आणि फक्त अडचणीत लागणारी. पहिली पेटी उजव्या दाराशी, तिसरी मध्यभागी. पेट्यांवरील चिठ्ठ्या मुलीने देवनागरीत लिहिल्या. “पाना” आणि “पान” यांतील काना तिने स्वतः विचारून घेतला.

नंतर पुन्हा त्याच वजनकाट्यावर गेलो. पाणी भरलेले, वाहने चढवलेली, सामान जागच्या जागी. एकटी पिकअप तीच, ७,४८० पौंड. जोडल्यावर ८,६६०. हिचवरील भार १,१८० पौंड, ट्रेलरच्या आसांवर ९,३५०, एकूण १०,५३०. म्हणजे ११.२ टक्के. एकूण वजन फक्त २१० पौंडांनी उतरले आणि हिचवरील भार ३०० पौंडांनी वाढला. यातला बहुतांश फरक गाडी दोन फूट पुढे सरकल्याने आणि १४० पौंडांची हत्यारे मागून पुढे आल्याने पडला आहे. पावती हातात घेऊन बाबा म्हणाले, “आता जुवावर ओझे आले.” त्यांनी ती पावती वहीत चिकटवायला लावली.

८ ते ११ नोव्हेंबर २०२४

व्हेटरन्स डेच्या सुट्टीला जोडून ग्लॅमिस, म्हणजे त्याच वाळूच्या टेकड्यांतील एक ठिकाण. हीला बेंडपासून आंतरराज्य महामार्ग ८, मग युमाच्या पुढे ओगिल्बी रस्त्याने वर महामार्ग ७८. टेलिग्राफ खिंड उतरताना दोन लांबलचक ट्रक शेजारून गेले. आरशात ट्रेलर पिकअपच्या मागे सरळ रेषेत होता. पत्नीने मागे वळून पाहिले नाही.

ट्रेलर थांबल्यापासून साइड-बाय-साइड वाळूत उतरेपर्यंत बावीस मिनिटे लागली. रॅम्प खाली, चार पट्टे सोडले, गाडी बाहेर, आणि गॅरेज लगेच झाडून खोली म्हणून मोकळे. कारण जमिनीवर दुसरे काहीच नव्हते. आत पेट्रोलचा वास जाईपर्यंत दोन्ही टोकांची दारे उघडी ठेवली आणि त्यानंतरच पलंग खाली घेतला. शिंकी ठरल्याप्रमाणे बाहेर टांगली. संध्याकाळी वारा सुटला तेव्हा त्यांतून वाळूची बारीक धार सरळ रेषेत खाली गळताना दिसत होती. पूर्वी हीच वाळू आमच्या चादरींत असे.

महामार्ग ७८ च्या उत्तरेकडील टेकड्या संरक्षित असून तिथे वाहनांना बंदी आहे. बाबांना तिकडे पायी नेले. तिथे चाकाची एकही खूण नव्हती आणि ते बराच वेळ उभे होते.

दोन उणिवा लक्षात आल्या. ओले टॉवेल वाळत घालण्याची जागा आम्ही विसरलो होतो; ते पलंगाच्या मोटरच्या रुळावर टाकले गेले, जे योग्य नाही. आणि ओल्या लाकडाची पिशवी, जिची दुसरी जागा वहीत लिहिलेलीच नव्हती, ती येताना गॅरेजच्या जमिनीवर, लाल पट्टीपासून हातभर अंतरावर येऊन बसली. मुलीने ती पाहून हलवायला लावली.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

परतीच्या वाटेवर, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करण्यापूर्वी, मुद्दाम वजन केले होते. मागची पाण्याची टाकी जवळजवळ रिकामी आणि सांडपाणी आसांच्या किंचित पुढच्या टाक्यांत, अशी स्थिती होती. एकूण १०,११० पौंड, हिचवर १,३१०, म्हणजे १३ टक्के. जाताना आणि येताना ट्रेलर सारखा नसतो. मुक्कामात पाणी मागून पुढे सरकते आणि त्याबरोबर हिचवरील भारही वाढतो. आमच्या पिकअपला हा भार पेलतो, पण पाणी अर्धे भरून निघालो तर काय होईल ते पुढच्या फेरीपूर्वी मोजायचे आहे.

आज टॉवेलसाठी न्हाणीघराच्या दाराबाहेर घडीचा दांडा लावला. प्रवासात तो भिंतीला मिटतो. लाकडाची पिशवी पिकअपच्या हौद्यात जाईल, असे वहीत लिहिले. एल-ट्रॅकचे सर्व बोल्ट पान्याने तपासले. बेचाळीसपैकी दोन पाव फेरा सैल झाले होते, दोन्ही उजव्या भिंतीवर, सर्वांत मागे. ते काढून निळे लॉकिंग द्रव लावून पुन्हा आवळले. जमिनीतील कड्या खालून पुन्हा पाहिल्या, दोन्ही जागच्या जागी आहेत. बाबा पुढच्या आठवड्यात सांगलीला परतत आहेत आणि जाण्यापूर्वी पाचवे शिंके विणत आहेत. ते पत्नीच्या बुटांसाठी आहे, कारण तिचे बूट चौथ्यात मावत नाहीत.